नाचघराची दुसरी तबकडी

चांद्याहून बल्लारशहाकडे जाताना वर्धा नदीच्या अंगाला कोळशाची एक खाण होती, आणि खाणीपेक्षा खाणीचा क्लब जास्त नावाजलेला होता. कागदोपत्री त्याचं नाव रिव्हरसाइड क्लब. खाणीतली माणसं त्याला नाचघर म्हणत. गोऱ्या साहेबांनी आलापल्लीचं सागवान आणवून ते बांधलं होतं. जमीन सागाची, भिंतींना आतून साग, वर छतालाही साग. दिल्लीहून मद्रासकडे जाणारे गोव्याचे आणि कलकत्त्याचे वाजवणारे बल्लारशहाला गाडीतून उतरत, दोन दिवस इथं जाझ वाजवत आणि पुढं जात. हळूहळू गोरे साहेब गेले, त्यांच्या बंगल्यांत बंगाली आणि पंजाबी साहेब राहायला आले, पण रविवारी दुपारी चारला नाचघरात बॅन्ड सुरू व्हायचा तो व्हायचाच.

१९५६ च्या जानेवारीत मुंबईचा एक रेकॉर्डिंगवाला टेपचं यंत्र घेऊन आला आणि माणसं समोर बसलेली असताना त्यानं इथला बॅन्ड टिपून नेला. त्याची तबकडी निघाली. तिच्यात टाळ्या होत्या, कपबशांचा आवाज होता, मधेच एक बाई खळखळून हसली होती. शौकिनांना नेमकं तेच आवडलं. बंद खोलीत वाजवलेलं काय, कुठंही मिळतं. हे ऐकताना आपण तिथं बसल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणाले. मग पुढच्या जानेवारीत दुसरी तबकडी करायचं ठरलं.

लटारू या नाचघराच्या आत कधी गेला नव्हता. तो खाणीच्या बत्तीघरात कामाला होता. पाळीवर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बत्ती द्यायची आणि तो वर आला की परत घ्यायची. एखादी बत्ती यायची राहिली की तो खाणीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, कारण बत्ती खाली राहिली म्हणजे माणूस खाली राहिला. त्यामुळं खाणीतल्या झाडून साऱ्या माणसांना तो नावानं ओळखायचा, आणि तीही त्याला ओळखायची. मूळचा तो कुरखेड्याकडचा, धानाच्या गावचा. तरुणपणी वडशाच्या एका बेंडपार्टीत क्लॅरनेट शिकला होता आणि चाळिशी आली तरी लग्नसराईत रजा काढून वाजवायला जायचा.

रविवारी खाण बंद. त्या दिवशी दुपारी नाचघराच्या मागच्या खिडक्यांबाहेर कामगारांची गर्दी जमायची. त्यांना आत यायची मनाई होती, पण बाहेरून कोणी हाकलत नसे. लटारू नऊ वर्षं तिथं उभा राहत आला होता. बाकीचे ताल धरायचे, थट्टा करायचे, विडी ओढायचे. तो नुसता उभा राहायचा. घरी गेल्यावर क्लॅरनेट घेऊन एकटाच नदीवर जायचा आणि कानात राहिलेलं बोटांवर उतरतं का ते पाहत बसायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षात त्याचा मित्र मुखरू, जो खाणीत कोळसा फोडायचा, त्याच्या बहिणीचं लग्न होतं. वरात क्लबवरून चालली होती. लटारूला काय सुचलं कोण जाणे, त्यानं नाचघरातली एक चाल लावली. ढोलवाल्यानं ती लग्नाच्या ठेक्यात घेतली आणि पोरीबाळी, म्हातारे, सगळे नाचायला लागले.

तेवढ्यात क्लबच्या मागच्या खोलीतून एक माणूस धावत रस्त्यावर आला. अंगात बनियन, एका गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. तो इनास मास्तर होता, नाचघराचा गोवेकर बॅन्डमास्तर. तीन वर्षं तो इथंच मुक्काम करून होता.

"ए क्लॅरनेट! ही धून तू कुठून आणली?"

वस्तरा पाहून ढोल थांबला. लटारूनं घाबरून हात जोडले. "चोरली नाई, साहेब. खिडकीतून आयकली."

"साहेब नको बोलू. मास्तर बोल." इनासनं गालावरचा फेस हातानं पुसला. "परत वाजव. अशीच. ढोल पण."

लटारूनं वाजवली. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिला. नवरदेव घोड्यावर ताटकळला होता.

"माझा क्लॅरनेटवाला दिवाळीत मुंबईला गेला. फिल्मवाल्यांनी नेला त्याला," इनास म्हणाला. "जानेवारीत रेकॉर्डिंग आहे. तू येशील वाजवायला?"

लटारूनं मुखरूकडं पाहिलं. मुखरूच पुढं झाला. "येते ना! काऊन नाई येनार? पन आधी माह्या बहिनीचं लगन लागू द्या."

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर लटारू पाय धुऊन नाचघराच्या पायऱ्या चढला. सागाच्या गुळगुळीत जमिनीवर पाऊल टाकताना त्याला संकोच वाटला. पाय पुन्हा पाहून घेतले. आत वाजवायला लागल्यावर पहिल्याच झटक्याला सगळ्यांनी कान झाकले. वरातीत वाजवणाऱ्याचा श्वास तो. चार गल्ल्यांपलीकडं ऐकू जावं असा.

आवाज कमी करणं आठवड्यात जमलं. अवघड होतं ते थांबणं. लग्नाच्या बॅन्डमध्ये थांबला तो मेला. क्षणभर वारा तुटला तरी कोणी तरी ओरडतो, काय बे, झोपला का? इथं तर इनास सांगायचा की आता पियानो, तू गप्प. आता मी, तू गप्प. लटारूला उभ्या उभ्या घाम फुटायचा. हातात वाद्य असून न वाजवता उभं राहणं म्हणजे पंगतीत वाढप्यानं नुसतं उभं राहिल्यासारखं त्याला वाटायचं.

"दोन माणसं बोलतात तेव्हा एक ऐकतो का नाही?" इनासनं एकदा विचारलं.

"आयकते."

"मग ऐक. तुझी पाळी येईल तेव्हा बोल. बोलायला काही नसलं तर बोलू नको. त्यानं पण चालतं."

हे लटारूच्या डोक्यात बसलं. बत्तीघरात माणसं एकामागून एक यायची, तेव्हा तो काही दिवस मुद्दाम गप्प राहून त्यांचं बोलणं ऐकत राहिला. कोणाचं पोर आजारी, कोणाच्या सासऱ्याचा निरोप, कोणाला कालचा वरणभात बाधला. नऊ वर्षं हीच माणसं समोरून जात होती, पण आपण त्यांना नावांपलीकडं फारसं ऐकलंच नव्हतं, असं त्याला वाटलं.

मग एका संध्याकाळी एक संथ गत चालली असताना इनासनं त्याच्याकडं मान हलवली. लटारूची पाळी होती आणि त्याच्याजवळ सांगायला काही नव्हतं. तो थांबला. पियानोवाला वाट पाहत दोन सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. आणि लटारूच्या बोटांतून जे निघालं ते त्याच्या आईचं रोवण्याचं गाणं होतं. गुडघाभर चिखलात वाकून धान रोवताना बाया म्हणतात ते. ओळीच्या शेवटी सूर खाली सोडून द्यायचा, जणू कंबर सरळ करायला थोडा वेळ घेतला. पियानोवाला चमकला.

"थांबू नका," इनास ओरडला. गत संपल्यावर तो लटारूजवळ आला. "हे कुठल्या खिडकीतून ऐकलं?"

"खिडकीतून नाई, मास्तर. घरचं हाय."

"तेच ठेव," इनास म्हणाला आणि आपला ट्रम्पेट पुसत बसला.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मुंबईचा माणूस यंत्राच्या पेट्या घेऊन पोचला. उंच, चष्मेवाला, कामात चोख. क्लबचे सेक्रेटरी गुणवंतराव तबकडीच्या वेष्टनासाठी वाजवणाऱ्यांची नावं लिहून देत होते. लटारूचं नाव आलं तसा तो माणूस थांबला.

"हे नाव नाही चालणार. मुंबईत, कलकत्त्यात जाझ घेणारे लोक हे वाचून काय समजतील? लॅरी लिहा. लॅरी पुरे."

गुणवंतरावांनी लटारूकडं पाहिलं. लटारूनं इनासकडं. इनासनं खांदे उडवले. "माझं पण वेष्टनावर एर्नी आहे. माझी आई मला इनास म्हणते, बाकी दुनिया एर्नी. त्यानं ट्रम्पेटचा आवाज बदलत नाही."

लटारूनं क्लॅरनेट पेटीत ठेवलं. घरी येऊन त्यानं बायकोला, शकुबाईला, सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"मंग उद्या जेवाले कोन येईन? तुमी का थो लॅरी?"

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरा जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून सुईणीला अंगणभर मातीतून ओढायला लावलं, लटारत, आणि नाव ठेवलं लटारू. असल्या मातीत लोळलेल्या पोराकडं मरणानंही ढुंकून पाहू नये म्हणून. शाळेत मास्तर हसले होते, साहेबलोक हसायचे, पण या नावानंच आपल्याला वाचवलं हे आईनं त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते त्याला खरंच वाटायचं.

"नाई म्हनून सांगा," शकुबाई म्हणाली.

"मंग मले वाजवू नाई देनार."

शकुबाईनं भाकरी उलटली. "तुमाले वाजवाचं हाय ना? मंग वाजवा. नाव कागदावर ऱ्हाते. वाजवते थे तुमीच."

त्यानं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं.

रविवारी दुपारी नाचघर भरलं. लटारूनं गुणवंतरावांचा जुना कोट घातला होता, तो बाह्यांत आखूड होत होता. मुंबईच्या माणसानं सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या. बाहेरचा आवाज नको, हे त्यानं दोनदा बजावलं. खिडकीच्या काचेतून लटारूला बाहेरची माणसं दिसली. मुखरू काचेला नाक लावून उभा होता आणि हातानं विचारत होता, आयकू कसं येईन?

चाचणीसाठी चार ओळी वाजवल्या. लटारूनं क्लॅरनेट खाली घेतलं.

"मास्तर, खिडक्या उघडा."

"का रे?"

"मले जमून नाई राह्यलं. आवाज बाहेर जाऊन परत येते तवा मले समजते का बरोबर हाय. आता कुठी जातच नाई थो." मग थोडं थांबून तो खरं काय ते बोलला. "आन थे सारे उभे हायत ना बाहेर. मी नऊ साल तिथी उभा होतो."

मुंबईच्या माणसानं चष्मा काढला. "टेप खराब झाली तर जबाबदार कोण? बाहेरून एक कुत्रं भुंकलं तरी सगळं वाया."

"मागच्या तबकडीत बाई हसली, ती चालली," इनास शांतपणे म्हणाला. "खिडक्या उघडा. नाहीतर क्लॅरनेटशिवाय टिपून घ्या."

खिडक्या उघडल्या. लटारू स्वतः खिडकीशी गेला आणि मुखरूला म्हणाला, "एक शब्द नाई निघाला पायजे. आयकलं का? विडीसुद्धा नाई. खोकला आला त नदीवर जा."

"तू जा बे, वाजव," मुखरू म्हणाला. "मी पायतो याईले."

आणि शंभरेक माणसं खरोखर गप्प राहिली. पहिली गत झाली, दुसरी झाली. तिसरी ती संथ गत. इनासनं ट्रम्पेटवर तिला उचललं, पियानोनं हलकेच पुढं नेलं, आणि लटारूची पाळी आली. त्यानं घाई केली नाही. एक श्वास वाट पाहिली. मग आईचं गाणं सुरू केलं, पहिल्यांदा अगदी हळू, दुसऱ्यांदा थोडं वाकवून, तिसऱ्यांदा इनासचा ट्रम्पेट खालून येऊन त्याला मिळाला. ओळीच्या शेवटी सूर खाली सोडताना लटारूला वाटलं, हे आपण वाजवत नाही. आपण नुसते बाजूला सरकून वाट देतोय. असं त्याला आधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा सूर विरला. आत टाळ्यांचा कडकडाट झाला. इनास मायक्रोफोनपाशी गेला आणि ठरल्याप्रमाणे इंग्रजीत म्हणाला की क्लॅरनेटवर होता लॅरी.

टाळ्या ओसरल्या आणि मागच्या खिडकीतून मुखरूचा आवाज आला, खणखणीत, खाणीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारतात तसा.

"लॅरी कोन बे? थो आपला लटारूभाऊ हाय!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बाहेर एकच गलका उठला. लटारूभाऊ! लटारूभाऊ! रोज बत्ती घेताना जे तोंडी असायचं तेच शंभर गळ्यांतून आलं. आतल्या खुर्च्यांवरही हसू पसरलं, एका साहेबाच्या बाईनं तर उभी राहून टाळ्या वाजवल्या. लटारूला कुठं पाहावं कळेना. त्यानं क्लॅरनेट छातीशी धरलं आणि मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते कोणाला दिसू नये म्हणून.

मुंबईच्या माणसानं यंत्र बंद केलं. "पुन्हा," तो म्हणाला. "आणि या वेळी खिडक्या बंद."

पुन्हा वाजवलं. काही चुकलं नाही. लटारू थांबायचं तिथं थांबला, सोडायचं तिथं त्यानं सूर सोडला, पण मघाशी जे झालं ते एकदाच व्हायचं होतं. इनासनं त्याच्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच असू दे म्हटलं.

मुखरू त्या दिवशी लटारूच्या घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बत्ती घ्यायला आला तेव्हा खाली मान घालून उभा राहिला. "माह्या तोंडानं घात केला, भाऊ."

लटारूनं बत्ती त्याच्या हातात दिली. "घात नाई केला. जा, उतर खाली."

टेप तबकडी छापायला बोटीनं विलायतेला गेली आणि पावसाळ्याच्या सुमारास तबकडी आली. गुणवंतरावांनी लटारूला आत बोलावून, खुर्चीवर बसवून ऐकवली. मागच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, बाहेर माणसं जमली होती. संथ गत लागली तसा मुखरू पुढं सरकला आणि हाताच्या खुणेनं सगळ्यांना गप्प केलं. गत संपली. टाळ्या झाल्या. लॅरी म्हणून झालं. आणि पुढची गत सुरू झाली.

बाहेरची माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. मुखरू हळूच म्हणाला, "आमी कुठी गेलो बे?"

लटारूनं वेष्टन हातात घेतलं. छान रंगीत वेष्टन होतं. त्यावर त्याला वाचता येत नसलेल्या अक्षरांत कुणा परक्याचं नाव होतं. त्याला राग आला नाही. फक्त एवढं वाटलं, हे वाजवणं बरोबर आहे आणि हे माझं नाही. गुणवंतरावांनी त्याच्यासाठी मुंबईला पत्र घातलं: पहिल्या वेळची टेप आहे का? उत्तर वेळेवर आलं, सभ्य होतं. टेप महाग असते, तिच्यावर दुसरं काही टिपलं गेलं. क्षमस्व. शिवाय तबकडी चांगली चालली आहे, मुंबईतल्या एका हॉटेलला लॅरी हवा आहे, तो कधी येऊ शकेल?

पत्र वाचून झाल्यावर गुणवंतराव म्हणाले, "जा लटारू. अशी संधी पुन्हा येत नाही."

इनासही तेच म्हणाला. शकुबाईनं तर लुगडी गाठोड्यात बांधायला काढली. लटारू आठ दिवस विचार करत राहिला. मुंबईचं त्याला भय नव्हतं. पण तिथं वाजवून झाल्यावर त्याला कोण ओळखणार, या प्रश्नापाशी तो येऊन अडायचा. ओळख म्हणजे वाहवा नव्हे. हा कुठल्या चिखलातला सूर आहे, ते ज्यांना न सांगता कळतं अशी माणसं.

"मले लॅरी नाई होता येत, मास्तर," त्यानं शेवटी सांगितलं. "तुमाले जमलं. मले नाई जमत."

इनासनं ट्रम्पेट पेटीत ठेवला. "मला जमलं असं कोण म्हणाला तुला?" तो म्हणाला. त्या रविवारपासून त्यानं मायक्रोफोनवर लटारूचं नाव सरळ लटारू घ्यायला सुरुवात केली, आणि आपलं इनास.

पुढं नाचघर फार दिवस चाललं नाही. कंपनीनं साहेबांची संख्या कमी केली, उरलेल्यांना रेडिओ पुरत होता. १९५९ च्या फाल्गुनात गुणवंतरावांनी पाटी लावली की पुढच्या महिन्यापासून ही इमारत गोदामासाठी घेतली जाईल. शेवटच्या रविवारी आत जेमतेम सात साहेब आले. इनासनं रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, गुणवंतरावांकडं पाहिलं, आणि गुणवंतरावांनी स्वतः जाऊन पुढचं दार उघडलं.

माणसं संकोचत आत आली. चपला बाहेर काढून आली. खुर्च्या सोडून सागाच्या जमिनीवरच मांडी घालून बसली. मुखरू सर्वांत पुढं, शकुबाई बायांच्या घोळक्यात. यंत्र नव्हतं, टिपणारं कोणी नव्हतं. दोन तास वाजवलं. रोवण्याचं गाणं सुरू झालं तसं बायांपैकी कोणी तरी ते हळूच म्हणायला लागली, मग दुसरी, मग सगळ्याच, आणि इनासनं ट्रम्पेट खाली घेतला, कारण आता त्याची पाळी ऐकायची होती.

दुसऱ्या दिवशी इनास मद्रासच्या गाडीत बसला. लटारू आणि मुखरू त्याला पोचवायला बल्लारशहापर्यंत गेले.

पण त्या शेवटच्या रविवारी, नाचघरातून घरी परतताना, लटारू आणि शकुबाई नदीच्या वाटेनं चालले होते. ऊन उतरलं होतं. पळसाचा सडा वाटेवर पडला होता. शकुबाई बराच वेळ स्वतःशीच हसत होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काई नाई." तिनं पदर तोंडाशी नेला. "मागच्या खिडकीतून आमाले तुमची पाठच दिसे. आज समोरून पायलं." ती थांबली आणि त्याच्याकडं नीट पाहून म्हणाली, "वाजवताना तुमचे गाल इतके फुगते, मले मालूमच नोहोतं."